चौकातल्या दुकानापर्यंत न पोचलेला कायदा

बीडहून सोलापूरकडे निघालं की पालीच्या पुढे घाट लागतो आणि घाट चढून गेलं की मांजरसुंबा. धुळे-सोलापूर महामार्ग इथून चौसाळ्याकडे सरळ जातो, एक रस्ता पाटोदा-जामखेडकडे वळतो आणि एक केज-अंबाजोगाईकडे. कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जाणारे वारकरी याच चौकातून जातात. त्याच सुमारास ऊसतोड मजुरांच्या गाड्याही इथून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. गाव लहान, पण चौक मोठा. अशा चौकात हॉटेलं, पंक्चरची दुकानं, कृषी सेवा केंद्रं असतात तशी मोबाईल दुरुस्तीची दुकानंही असतात, आणि महामार्गाच्या कडेला भंगाराचे काटे असतात.

वापरलेल्या मोबाईलच्या पुनर्वापराचे आणि पुनर्चक्रीकरणाचे कायदे सांगणाऱ्या या पुस्तिकेच्या सुरुवातीला हा चौक मुद्दाम आणला आहे. या कायद्यांवर जे काही मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक कंपन्यांच्या सल्लागारांसाठी असतं. नोंदणी कशी करायची, विवरणपत्र कधी भरायचं, दंड किती, एवढंच त्यात असतं. ज्या माणसाच्या हातून फोन खऱ्या अर्थानं शेवटचा फिरतो, त्याच्यासाठी काहीच नसतं. तो माणूस नोएडात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये क्वचित भेटेल. तो मांजरसुंब्यासारख्या ठिकाणी रोज भेटतो, कारण फोनचं सर्वांत लांब आयुष्य इथे जातं.

इथे फोन सहजासहजी टाकून दिला जात नाही. पोरानं नवा घेतला की जुना बापाकडे येतो, बापाकडून आईकडे, आणि आईकडे आला की तो घरचा फोन होतो. तोडीला जाणारं जोडपं गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे एक चालू फोन ठेवून जातं, कारण पोरं त्यांच्यापाशी असतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवरून पिकाचा फोटो चढवायचा असं ठरलं. तेव्हापासून कॅमेरा आणि जीपीएस चालणारा फोन ही शेतीचीच एक गरज झाली. पीक विमा, अनुदानाची केवायसी, बँकेचा ओटीपी, सगळं त्याच्यावर. म्हणून स्क्रीन फुटली तरी चालते, पण फोन बंद पडून चालत नाही.

आणि बंद पडला की दुकान. दुकानदार आधी चार्जर लावून पाहतो, मग जॅक साफ करतो, मग मीटर लावून बोर्डवर कुठे शॉर्ट आहे ते शोधतो. मागचं झाकण गरम हवेनं सैल करून प्लॅस्टिकच्या पट्टीनं अलगद उचलतो. काच आणि डिस्प्ले मिळून जो भाग येतो त्याला या धंद्यात ‘फोल्डर’ म्हणतात. फोल्डर नवा टाकायचा तर फोनच्या किमतीच्या निम्मा खर्च होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या मेलेल्या फोनमधला निघतो का ते आधी पाहिलं जातं. काउंटरखाली असे मेलेले फोन डब्यात भरलेले असतात. कुणाचा कॅमेरा काढलेला, कुणाचा स्पीकर, कुणाच्या बोर्डवरची एखादीच आयसी उचललेली. सगळं उपयोगाचं काढून झालं की उरलेले बोर्ड पोत्यात जातात आणि भंगारवाला ते किलोवर नेतो. फुगलेल्या बॅटऱ्या बहुधा त्याच पोत्यात असतात, आणि तिथे मला खरी भीती वाटते. लिथियमची फुगलेली बॅटरी दाबली गेली किंवा टोचली गेली तर पेट घेते, आणि पोतं भंगाराच्या ढिगात, उन्हात पडलेलं असतं.

या दुकानदाराला कायद्यात काय म्हणतात, या प्रश्नापासून ही पुस्तिका सुरू झाली.

आपल्याकडच्या ई-कचऱ्याच्या सगळ्या नियमांची आई म्हणजे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर तो आला आणि केंद्र सरकारला नियम करण्याचे व्यापक अधिकार त्यानं दिले. पुढे बरीच वर्षं जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू घातक कचऱ्याच्या सर्वसाधारण नियमांतच धरल्या जात होत्या. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. मोबाईलसह ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम मात्र मे २०११ मध्ये अधिसूचित झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. मधल्या सोळा-सतरा वर्षांत देशात फोनच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या, याचा विचार करा. त्या फोनचं काय करायचं हे सांगणारी वेगळी तरतूदच नव्हती.

२०११ च्या नियमांनी एक मोठं तत्त्व आणलं. वस्तू विकून उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, ती टाकाऊ झाल्यावर तिची विल्हेवाट लावणंही त्याच्याकडेच. याला ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ म्हणतात, व्यवहारात ‘ईपीआर’. शिसं, पारा, कॅडमियम यांसारख्या घातक पदार्थांवर मर्यादाही याच नियमांनी घातल्या. पण किती गोळा करायचं याचा आकडा त्यात नव्हता, आणि आकडा नसलेली जबाबदारी कागदावर राहिली. २०१६ च्या नवीन नियमांनी उद्दिष्टं घातली, २०१८ च्या दुरुस्तीनं ती सौम्य करून १० टक्क्यांपासून दरवर्षी चढवत नेली. या काळात उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक आराखडा द्यावा लागे. संकलन केंद्रं कुठे, कचरा कोणाकडे जाणार, लोकांना कसं कळवणार, हे त्यात लिहावं लागे. अंमलबजावणी तोकडी होती, बहुतेक केंद्रं मोठ्या शहरांत होती, तरी ‘फोन लोकांकडून परत कसा येईल’ हा प्रश्न निदान नियमांत विचारलेला होता.

मग २ नोव्हेंबर २०२२ ला तिसरे नियम आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आज चालतात ते हेच. यादीतल्या वस्तू २१ वरून १०६ झाल्या. सगळा कारभार ऑनलाइन पोर्टलवर गेला. उद्दिष्टं ६० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८ पासून ८० टक्के. आणि एक मूलभूत बदल झाला: नोंदणीकृत पुनर्चक्रण करणारा कारखाना कचऱ्यातून सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड किती काढतो त्यावर त्याला प्रमाणपत्रं मिळतात, आणि उत्पादक ती विकत घेऊन आपलं उद्दिष्ट पूर्ण करतो.

हिशेबाच्या दृष्टीनं ही पद्धत जुन्यापेक्षा चांगली आहे, असं माझं मत आहे. आधी कागदोपत्री कचरा फिरवून टनांचे आकडे दाखवणं सोपं होतं, आता निघालेला धातू दाखवावा लागतो. पण तिचा एक परिणाम मांजरसुंब्याच्या बाजूनं पाहिलं तरच दिसतो. उत्पादकाला प्रमाणपत्र हवं, आणि ते देशात कुठेही गोळा झालेल्या कचऱ्यावर मिळतं. मोठ्या शहरातल्या कार्यालयांतून एकगठ्ठा माल मिळत असेल तर बालाघाटच्या डोंगरावरच्या एका चौकातून पोतंभर फोन आणायला कुणी गाडी का पाठवील? संकलन केंद्राची मदत उत्पादक घेऊ शकतो, असं नियम म्हणतात. ‘घेऊ शकतो’ म्हणजे घेतलीच पाहिजे असं नाही. तालुक्यातालुक्याला जुना फोन परत घेण्याची सोय करा, असं आजच्या नियमांत उत्पादकाला बंधनकारक नाही.

साध्या ग्राहकाबद्दल तर हे नियम गप्पच आहेत. २०१६ मध्ये ग्राहकाची जबाबदारी सांगणारा वेगळा नियम होता. २०२२ मध्ये उरला तो फक्त ‘मोठा ग्राहक’, म्हणजे वर्षात किमान एक हजार उपकरणं वापरणारी संस्था. तुमच्या-माझ्या घरातल्या कपाटात पडलेल्या फोनला कायदा हात लावत नाही. व्याख्येप्रमाणे ई-कचरा म्हणजे टाकून दिलेली वस्तू, आणि आपण तर ती टाकलेलीच नसते, ठेवलेली असते.

आता दुकानदाराकडे येतो. नियमांत ‘रिफर्बिशर’ची व्याख्या आहे: वापरलेली वस्तू दुरुस्त करून तिचं आयुष्य वाढवणारा आणि ती बाजारात विकणारा. मेलेल्या तीन फोनांतून एक चालू फोन उभा करून विकणारा चौकातला माणूस या व्याख्येत अचूक बसतो. दुरुस्तीतून उरलेला टाकाऊ भाग हाही व्याख्येनं ई-कचराच आहे. पण हेच नियम सुरुवातीलाच सूक्ष्म उद्योगांना वगळतात, आणि त्याचं दुकान सूक्ष्म उद्योगच. म्हणजे तो गुन्हेगार ठरत नाही ही चांगली गोष्ट, पण त्याला नोंदणीचा, प्रशिक्षणाचा, मालाला रास्त भाव मिळण्याचा हक्कही मिळत नाही. फोनचं आयुष्य सर्वांत जास्त वाढवणारा आणि टाकाऊ बोर्ड सर्वांत आधी हाताळणारा माणूस कायद्याच्या नकाशावर नाही. ही सूट त्याच्या सोयीसाठी असेल, पण तिनं तो बाहेर राहिला. मी हे मोठं उणेपण मानतो आणि या पुस्तिकेत ते पुन्हा पुन्हा मांडलं आहे.

बाहेर राहिल्यामुळे काय होतं? पोतं भंगारवाल्याकडून मोठ्या शहरात जातं, तिथून पुढे बरंचसं उत्तरेकडे. दिल्लीतलं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही या मालाची जुनी ठिकाणं. तिथे बोर्ड शेगडीवर तापवून भाग सुटे केले जातात आणि तेजाबात बुडवून धातू काढला जातो. हे काम करणाऱ्यांत बाया आणि पोरंही असतात. शिशाचा धूर त्यांच्या फुप्फुसात आणि आम्ल नाल्यात जातं. बीड जिल्ह्यातला फोन तिथपर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या साखळीतल्या कुणाकडेही एक साधी पावतीसुद्धा नसते.

या साखळीची दुसरी एक बाजू आहे. खेड्यापाड्यांतून मोटारसायकलवर भोंगा लावून फिरणारे विक्रेते येतात: बंद पडलेले मोबाईल द्या, टब घ्या, भांडी घ्या. बायकांना हा सौदा बरा वाटतो, आणि का वाटू नये? घरात पडून असलेल्या वस्तूचा दुसरा कुणी भावच करत नाही. पण २०२४ मध्ये शेजारच्या तेलंगणात सायबर पोलिसांनी रामगुंडम भागात असे जवळपास चार हजार जुने फोन पकडले. ते दुरुस्त करून ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना पुरवले जाणार होते, असं पोलिसांचं म्हणणं होतं. फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, तोच राहतो आणि तपास त्या क्रमांकावरून सुरू होतो. म्हणून फोन देताना त्यातला सगळा डेटा पुसणं, सिम आणि मेमरी कार्ड काढणं, आणि देणाऱ्या-घेणाऱ्याची चिठ्ठी करणं, हे एका प्रकरणात सविस्तर आहे. जुना फोन विकत घेणाऱ्यासाठीही सोय आहे: केवायएम लिहून पुढे आयएमईआय टाकायचा आणि १४४२२ वर एसएमएस करायचा, तो फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. चोरीचे फोन बंद पाडणारी ही यंत्रणा २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आधी महाराष्ट्रातच सुरू झाली आणि २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टलवरून देशभर गेली. आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतील असा गुन्हा आहे. दुरुस्तीच्या धंद्यातल्या तरुण पोरांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणताना आपण काय करतोय याची कल्पना पुष्कळांना नसते.

महाराष्ट्रात जुन्या फोनचा प्रश्न एकदा एकदम रस्त्यावर आला होता, आणि तो आणला अंगणवाडी सेविकांनी. पोषण अभियानाच्या नोंदी भरण्यासाठी २०१९ मध्ये राज्यातल्या सुमारे एक लाख सेविकांना सरकारनं स्मार्टफोन दिले. रॅम २ जीबी. नोंदी वाढत गेल्या, ॲप जड होत गेलं, फोन तापू लागले, अडकू लागले. वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करायची वेळ आली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. ‘मोबाईल वापसी’ म्हणून हे आंदोलन ओळखलं गेलं. पदराखालचा फोन टेबलावर ठेवून त्या म्हणत होत्या की काम आम्ही करू, पण चालणारं साधन द्या आणि ॲप मराठीत द्या. मागणी शंभर टक्के रास्त होती.

कायद्याच्या विद्यार्थ्यानं हे आंदोलन वेगळ्या अंगानंही वाचावं असं मला वाटतं. त्या वेळी २०१६ चे नियम लागू होते आणि त्यांत राज्य सरकारची खाती स्पष्ट शब्दांत ‘मोठे ग्राहक’ होती. म्हणजे टाकाऊ ठरलेल्या प्रत्येक उपकरणाची नोंद ठेवणं, तो माल अधिकृत ठिकाणीच देणं आणि ३० जूनपर्यंत वार्षिक विवरणपत्र भरणं खात्याला बंधनकारक होतं. सरकार एक लाख फोन विकत घेतं तेव्हा दोन-तीन वर्षांनी एक लाख फोन परत घेण्याची व्यवस्थाही त्याच खरेदीच्या करारात लिहिलेली असायला हवी. किंमत, रॅम, वॉरंटी यांच्या ओळीत ‘जुना संच परत नेण्याची जबाबदारी पुरवठादाराची’ ही एक ओळ. हे लिहायला नव्या कायद्याची गरज नाही, निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची इच्छा पुरे. दोनच वर्षांत निकामी होणारा फोन सरकारनं घ्यावा का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. २ जीबीचा स्वस्त फोन ही बचत नव्हती, दोन वर्षांनी येणाऱ्या ई-कचऱ्याची ती आगाऊ खरेदी होती.

बॅटरीचे नियम वेगळे आहेत हे पुष्कळांना माहीत नसतं. २००१ चे जुने नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांसाठी होते, म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी कायद्यात होती आणि फोनची नव्हती. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आत घेतल्या. आणि इथे ग्राहकाचा उल्लेख आहे: वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही, वेगळी ठेवायची. मग वेगळी ठेवून द्यायची कुणाला, हे मात्र चौकात कुणी सांगत नाही.

पैशाचं गणितही सांगितलं पाहिजे. कारखान्यांना परवडेना आणि प्रमाणपत्रं कवडीमोल भावानं विकली जाऊ लागली, म्हणून केंद्रानं २०२४ मध्ये त्यांच्या दराला खालची मर्यादा घातली. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये, स्मार्टफोनसाठी ३४ रुपये. मोठ्या विदेशी कंपन्या याविरुद्ध २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ३४ रुपये ऐकायला ठीक वाटतात, पण फोनचं वजन २०० ग्रॅम धरलं तर एका फोनमागे सात रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्या रकमेत घाटावरून फोन खाली नेणं, साठवणं, वाहतूक आणि प्रत्येकाचा हात भिजणं कसं बसणार? टब देणारा विक्रेता यापेक्षा जास्त देतो.

फोनमध्ये किती मोल दडलेलं असतं हे जपाननं जगाला दाखवलं. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली गेली. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत ७८,९८५ टन उपकरणं आणि ६२ लाखांवर मोबाईल जमा झाले, त्यांतून ३२ किलो सोनं निघालं. तिथे नगरपालिकांनी आणि दुकानांनी पेट्या ठेवल्या होत्या, म्हणून लोकांनी दिले. युरोपीय संघ आणखी मागे, फोन बनतो त्या टप्प्यापर्यंत गेला आहे: फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे असा त्यांचा नियम आहे. गोंदानं चिकटवलेलं झाकण गरम हवेनं उचलणाऱ्या आपल्या दुकानदाराला या नियमाचं मोल कुठल्याही तज्ज्ञापेक्षा लवकर कळेल. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती छोट्या दुकानांपर्यंत पोचवणारा कायदा मात्र अजून यायचा आहे.

दुरुस्तीवाला, भंगारवाला अशा मधल्या माणसाला कायद्याच्या आत घेण्याची वाट महाराष्ट्रातच आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांची पंचायत उभी राहिली. त्यांना ओळखपत्रं मिळाली, आणि पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेनं घरोघरचा कचरा उचलण्याचा करार केला. कचरा ज्यांना आधीच कळतो त्यांना काम, ओळख आणि मोबदला द्यायचा, हे त्यामागचं साधं सूत्र. २०२२ च्या ई-कचरा नियमांतही राज्य सरकारवर अशीच जबाबदारी टाकलेली आहे: या कामातल्या कामगारांची नोंद करणं, त्यांचे गट बांधायला मदत करणं, त्यांना प्रशिक्षण देणं. तरतूद आहे, ती तालुक्याला उतरवायची आहे. बीड तालुक्यातले दहा-बारा दुरुस्तीवाले आणि दोन-तीन भंगारवाले एकत्र आले, त्यांनी बोर्ड आणि बॅटऱ्या वेगळ्या साठवल्या आणि नोंदणीकृत कारखान्याला एकगठ्ठा दिल्या, तर गाडी घाट चढून येईल. सुट्या पोत्यासाठी ती कधीच येणार नाही.

पुढची प्रकरणं याच क्रमानं लावली आहेत. आधी घरात पडलेल्या फोनचं काय करायचं, मग दुकानदारासाठी कायदा, मग भंगारवाल्यासाठी, मग शाळा, पतसंस्था आणि सरकारी कार्यालयांसाठी. कंपन्यांचं प्रकरण शेवटी आहे, कारण त्यांच्याकडे सांगणारे पुष्कळ आहेत. ग्रामपंचायतींसाठी एक ठरावाचा मसुदा जोडला आहे: गावात एका ठरावीक दिवशी जुने फोन आणि बॅटऱ्या वेगवेगळ्या गोळा करणं, देणाऱ्याला पावती देणं, आणि माल नोंदणीकृत ठिकाणी गेल्याचा कागद पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवणं. २०११ आणि २०१६ या दोन्ही नियमांनी स्थानिक संस्थांची जबाबदारी सांगताना नावं घेतली ती नगरपालिका-महापालिकांची. पण म्हणून ग्रामसभेला ठराव करायला कुणी अडवत नाही. मसुद्यातल्या तारखेची जागा रिकामी ठेवली आहे. बीड जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ती दसऱ्याच्या आधीची असावी, तोडीला जाणारी घरं गावात असतानाची.